लीलहून जिव्हांशी: गाडी आणि गाईड, एक दिवस

फ्रान्समधल्या लीलहून गाडी आणि गाईड असा एक दिवस आम्ही घेतला, तो पहिल्या महायुद्धातल्या एका माणसासाठी. सॅपर (इंजिनिअर दलातला शिपाई) विल्यम हॅकेट, यॉर्कशायरमधल्या मेक्सबरोचा कोळसा खाणकामगार. वय जास्त म्हणून पायदळाने त्याला तीनदा परत पाठवलं होतं. शेवटी चाळिशी उलटल्यावर शत्रूच्या खंदकांखाली बोगदे खणून सुरुंग लावणाऱ्या तुकडीत घेतलं. माझे बाबा बल्लारपूरच्या खदानीत अंडरग्राउंडला होते. अवेळी भोंगा झाला की कॉलनीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. त्यामुळे जिव्हांशी गावातलं या बोगदे खणणाऱ्यांचं स्मारक बघायचंच होतं.

गाईड फार चांगला मिळाला. जिव्हांशीला तो सरळ ओल्या गवतावर उताणा झाला आणि दोन्ही पायांनी फावडं मातीत कसं रेटायचं ते करून दाखवलं. कुदळ आपटली तर शत्रूला ऐकू जाई, म्हणून चिकणमातीत असं पायाने खणायचे. कोटाच्या पाठीला चिखल लागला, त्याने बघितलंही नाही.

22 जून 1916 ला जर्मनांचा सुरुंग फुटला आणि हॅकेटसह पाच जण बोगद्यात अडकले. वीस तास खणून वाट काढली, तिघं बाहेर आले. हॅकेटलाही येता आलं असतं. पण बावीस वर्षांचा थॉमस कॉलिन्स जबर जखमी होता, म्हणून तो त्याच्यापाशी थांबला. मग बोगदा बसला. पुढे चार दिवस खणलं, दोघं सापडले नाहीत. "अजून इथेच आहेत, खाली," एवढं बोलून गाईड बाजूला झाला. आम्हाला घाई केली नाही. रात्री बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "जखमी माणसाला टाकून कोण वर येतं, बेटा?"



याच गावापाशी डिसेंबर 1914 मध्ये जर्मनांनी आपल्या हिंदी सैनिकांच्या खंदकांखाली सुरुंग उडवले होते. आणि तरी जवळच्या नव्ह शापेलच्या भारतीय स्मारकाला कार्यक्रमात फक्त वीस मिनिटं! साडेचार हजारांहून जास्त नावं आहेत तिथे. मला राग आला, तसं सहलीच्या कंपनीला कळवलंही आहे.

हॅकेटचं नाव बेल्जियममध्ये प्लुगस्टीर्टच्या स्मारकावर कोरलंय, कॉलिन्सचं फ्रान्समध्ये तिएपव्हालच्या. प्लुगस्टीर्ट या सहलीत नाही. बुकिंग करतानाच मागून घ्या, आणि नव्ह शापेलला निदान एक तास.