जय-पराजय की धावांचा फरक?

बेसबॉलचा निम्मा हंगाम उलटला. मित्र विचारतो, आपल्या संघाचा फॉर्म कशावरून जोखायचा?

जय-पराजयाचा तक्ता एका नजरेत कळतो, प्लेऑफही (हंगामाअखेरची बाद फेरी) त्यावरच ठरतं. पण एकेका धावेने निसटते जिंकलेले सामने त्याला फुगवतात. धावांच्या फरकाला, म्हणजे केलेल्या वजा दिलेल्या, थोडी आकडेमोड लागते. पुढचा अंदाज मात्र तोच बरा देतो. २०२१ चा सिएटल मरिनर्स संघ आठवून बघा: ९० विजय, फरक उणे ५१! प्लेऑफ हुकलं तेव्हा जीव हळहळला. अर्थात एखादा १५-१ चा विजय फरकालाही फसवतो.

घाई मात्र नको. २०१९ मध्ये १९ विजय, ३१ पराभवांवर अडखळलेल्या वॉशिंग्टन नॅशनल्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपद, जिंकली.

आजचं स्थान हवं तर तक्ता बघा. ट्रेड डेडलाइनआधी (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) खेळाडू आणायचे की सोडायचे हे ठरवायचं तर धावांचा फरक.