डब्यातल्या सँडविचला चक्का की एगलेस मेयो?

आमच्या फ्रिजमध्ये बराच काळ दोन्ही शेजारीशेजारी नांदले: एगलेस मेयोची बाटली आणि पंच्यात बांधलेला चक्का. अंड्याचं मेयो मी धरतच नाही. कच्च्या अंड्यातल्या साल्मोनेला जिवाणूंच्या धास्तीने केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये त्यावर बंदी आणली. सकाळी भरलेला डबा दुपारी उघडणार असेल तर तो विषयच नको.

सोयीत बाटली पुढे, यात वाद नाही. पिळली की झालं. आतल्या स्टार्चमुळे आणि डिंकामुळे तेल-पाणी सहसा वेगळं होत नाही, कोबी-गाजराचं सारणही नीट धरून राहतं. माझं बिनसलं ते गोडीवर. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. बऱ्याच बाटल्यांवर तेल, पाणी आणि लगेच साखर दिसते. काकडी-टोमॅटोत ती खपून जाते. उकडलेला बटाटा किंवा मक्याचे दाणे आले की मात्र वर येते. लिंबू पिळा, मिरपूड घाला, वर हिरवी चटणी फासा, शेवटच्या घासानंतर टाळूला तो गोडसर, तेलकट थर राहतोच. निदान मला तरी जाणवतो. पोरांना नेमकं तेच आवडतं, हेही कबूल.

चक्क्याची कटकट वेगळी. आदल्या रात्री आठवण हवी, दही ताजं हवं, आणि मीठ पडलं की पाणी सुटतं. म्हणून मीठ अगदी भरताना घालायचं, काकडी किसून घट्ट पिळायची, ब्रेडला आतून लोणी लावायचं. चक्क्यात ठेचलेला लसूण, चमचाभर तेल आणि फेसलेली मोहरी. मोहरी मेयोच्या अनेक कृतींतही असते, पण ताजी फेसलेली अशी नाकात जाते की बाटलीची आठवण होत नाही.

भर उन्हाळ्यात डबा दुपारपर्यंत बाहेर राहणार असेल तर चक्का आंबतो. तेव्हा बाटली बरी. एरवी मी चक्काच बांधतो. लसूण घालण्याआधी थोडा बाजूला काढला तर वाटीभर श्रीखंडही होतं. उरलेल्या मेयोचं काय करणार?