म्हापशात घेतलेला पोलराइज्ड गॉगल : तीन महिन्यांचा अनुभव

म्हापशातील एका चष्म्याच्या दुकानातून घेतलेला हा गॉगल मी तीन महिने पणजी-बेती फेरीबोटीच्या रोजच्या प्रवासात वापरला. सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर असताना पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे आडव्या दिशेत ध्रुवित (पोलराइज्ड) होतो, म्हणजे त्याचे तरंग त्या एकाच दिशेत कंप पावतात, आणि गॉगलची काच नेमका तोच अडवते. त्यामुळे मांडवीवरची डोळे दिपवणारी चकाकी ओसरून पाण्याचा खरा रंग दिसतो, आणि एवढ्यासाठीही किंमत सार्थकी लागली असे मी म्हणेन. परावर्तित प्रकाशाचा हा गुण फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ मालुस यांनी १८०८ मध्ये ओळखला होता. गाड्यांच्या मागच्या काचांवर उमटणारे ठिपके पाहून काच सदोष असल्याचा मला भास झाला, परंतु ते कडक केलेल्या काचेतील ताणाचे ठसे असतात. मोबाइलचा पडदा मात्र विशिष्ट कोनात काळा पडतो.

तक्रार आहे ती काचेच्या आतल्या बाजूच्या, परावर्तन कमी करणाऱ्या अँटीग्लेअर थराविषयी. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाइतक्या जाडीमुळे त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारे तरंग एकमेकांना मिटवतात, म्हणून त्याची हिरवट झाक सर्वत्र सारखी हवी; माझ्या गॉगलवर ती कडेला जांभळी पडली असून तेथे थर सुटू लागला आहे. दुकानाने बदलून देण्यास नकार दिला.