नेरुळचं न्यूरो रिहॅब सेंटर: कॅन्सर पेशंटच्या घरच्यांनी वाचावं असं

ब्रेन ट्यूमर किंवा मणक्यात पसरलेला कॅन्सर आणि त्यामुळे हातपाय चालत नाहीयेत असं कोणी घरी असेल तर इथे एकदा दाखवून या. फिजिओ नवी मुंबईत गल्लोगल्ली आहेत, पण पॅरालिसिसचा पेशंट वेगळा आणि कॅन्सरमुळे एक बाजू कमजोर झालेला पेशंट वेगळा हे कळणारे फार कमी भेटतात.

माझ्या सासऱ्यांचं ग्लायोमाचं, म्हणजे मेंदूतल्या ट्यूमरचं, ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, मग टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या, आणि उजवी बाजू पार कमजोर. आधी घरी येणारा फिजिओ रोज ठरलेला व्यायाम करून घ्यायचा, बाबा कितीही थकलेले असोत. इथल्या फिजिओ मॅडमनी त्यांना हात लावायच्या आधी सगळी फाईल वाचली, फिट आली होती का, शेवटचा सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) कधीचा, डेक्सा (डेक्सामेथासोन) कधीपासून चालू आहे सगळं विचारलं. मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सा देतात पण ते स्टेरॉइड फार दिवस चाललं की मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू झिजतात, त्यामुळे बाबांना कमोडवरून उठता येईना आणि आम्हा सगळ्यांना भीती की ट्यूमर परत वाढला. हे आम्हाला पहिल्यांदा यांनी समजावलं, डॉक्टरांशी बोलून घ्या पण गोळी मनाने बंद करू नका हेही बजावलं. मग खुर्चीवर जाड उशा घालून उंची वाढवली आणि तिथून उठबस, जसं जमेल तशी एकेक उशी कमी. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली आल्या तेव्हा वजनाचे व्यायाम लगेच बंद, बसल्या बसल्या हलके प्रकार. पाऊल लोंबत होतं त्यासाठी स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरणारा आधार, करून घेतला, आणि मला बेल्ट धरून बाबांना कसं उठवायचं ते शिकवलं, काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो.

बरे होतील असं खोटं कोणी सांगितलं नाही. काका, तुम्हाला काय करायचंय, असं विचारलं, बाबा म्हणाले बाथरूमला स्वतः जायचंय, आणि सगळा प्लॅन त्याच्यावर. आता वॉकर घेऊन जातात, मी फक्त मागे उभी असते. आमच्यासाठी हे खूप मोठं आहे.

केमोमुळे हातापायाला मुंग्या आणि बधिरपणा येतो, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन वगैरे औषधांनी, त्या पेशंटनाही इथे तोल सांभाळायचे व्यायाम देतात. ऑक्सॅलिप्लॅटिन संपल्यावरही काही महिने मुंग्या वाढू शकतात हे त्यांना आधीच सांगून ठेवतात, नाहीतर माणूस घाबरतो.

आता जे पटलं नाही ते. पॅकेजचे पैसे आधी भरायचे आणि ताप आला, रक्तातले काउंट पडले म्हणून सेशन चुकलं तरी ते मोजतात. कॅन्सरच्या पेशंटला हा नियम लावणं अजिबात बरोबर नाही, मी तोंडावर सांगितलंय. लिफ्ट इतकी छोटी की व्हीलचेअर आत वळत नाही. आमच्या मेडिक्लेममध्ये ओपीडी फिजिओ (अॅडमिट न होता घेतलेली) बसत नाही, तुमचं आधी विचारून घ्या.

सकाळचा स्लॉट मागा, संध्याकाळी गर्दी असते आणि पेशंट तोवर गळून गेलेला असतो. सीबीसीचा ताजा रिपोर्ट आणि डिस्चार्ज समरी सोबत न्या. रेडिएशन संपेपर्यंत थांबू नका, तुमच्या ऑन्कोलॉजिस्टनी (कॅन्सरच्या डॉक्टरांनी) हो म्हटलं की लगेच सुरू करा, पडून राहिलेला एकेक आठवडा पायातली ताकद घेऊन जातो.