क्लबची मासिक स्पर्धा की सलॉन? प्रवेशिका पाठवण्यापूर्वी नियमांची तुलना

ठाणे आणि नवी मुंबईत हौसेने छायाचित्रण करणारे जे लोक कॅमेरा क्लबचे सभासद होतात, त्यांच्यापुढे वर्षभरातच एक प्रश्न उभा राहतो. हाताशी दहा-पंधरा बरी छायाचित्रे जमलेली असतात आणि ती नेमकी कुठे पाठवावीत, हे ठरत नसते. क्लबची मासिक स्पर्धा असते, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यतेचे सलॉन, म्हणजे परीक्षकांनी निवडलेल्या छायाचित्रांची स्पर्धा-प्रदर्शने, असतात, शिवाय एखादी कंपनी किंवा संस्था समाजमाध्यमांवर जाहीर करते ती विनाशुल्क स्पर्धाही असते. बहुतेक जण बक्षीस आणि प्रवेशशुल्क एवढ्या दोनच गोष्टी पाहून निर्णय घेतात. आमच्या क्लबाच्या प्रवेशिका तपासण्याचे काम काही वर्षे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, सर्वांत आधी पाहायला हवे ते छायाचित्र काढल्यानंतर संगणकावर त्यात काय केलेले चालते आणि कोणत्या विभागात चालते हेच. कारण उत्तम छायाचित्रे बाद होतात ती बहुतेक वेळा याच एका कारणाने.

क्लबाच्या मासिक स्पर्धेपासून सुरुवात करू. चालू वर्षाची वर्गणी भरलेली असावी, छायाचित्र स्वतः काढलेले असावे, दिलेल्या विषयाला धरून असावे, त्यावर नाव किंवा वॉटरमार्क नसावा आणि ते त्याच वर्षी क्लबात आधी दाखवलेले नसावे, असे आमचे नियम दोन पानांत मावतात. एका वेळी तीन प्रवेशिका घेतल्या जातात. नवोदित आणि अनुभवी असे दोन गट असल्यामुळे पहिल्याच महिन्यात वीस वर्षे कॅमेरा हाताळणाऱ्याशी सामना होत नाही. गुण वर्षभर जमा होतात आणि वार्षिक मान त्या बेरजेवर ठरतो, त्यामुळे एक महिना हुकला तरी पुढच्या महिन्यात ते भरून काढता येते.

यांतला नव्या सभासदांना सर्वांत जाचक वाटणारा नियम म्हणजे छायाचित्र गेल्या बारा महिन्यांतलेच असावे हा. जुन्या हार्ड डिस्कमधले सर्वोत्तम चित्र दाखवता येत नाही, याची त्यांना हळहळ वाटते आणि ती मला समजते. तरीही मी या नियमाच्या बाजूने आहे. विषय ‘पाणी’ असला की निम्मा क्लब तलावपाळीवर, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठावर, जातो, आणि तिथून सगळे एकसारखेच कारंजे व एकसारखीच होडी घेऊन परततात. मग पुढच्या वेळी कोणीतरी उपवन तलावाच्या काठी पहाटे जाऊन उभा राहतो, कोणी पावसात चाळीच्या गॅलरीत टपटपणाऱ्या पागोळ्या टिपतो. हे शोधणे बारा महिन्यांच्या अटीमुळे घडते. सलॉनला अशी अट सहसा नसते. दहा वर्षांपूर्वीचे छायाचित्रही तिथे चालते.

क्लबाची दुसरी मोठी जमेची बाजू म्हणजे परीक्षकाचे समोरासमोर ऐकायला मिळणारे मत. आमच्याकडे काही महिन्यांत फाइलऐवजी बारा बाय अठरा इंचांचा प्रिंट माउंट करून, म्हणजे पुठ्ठ्यावर बसवून, द्यावा लागतो. मासुंदा तलावावरच्या संध्याकाळचा माझा एक प्रिंट परीक्षकांनी खिडकीच्या उजेडात धरला, होडीच्या तळाशी बोट नेले आणि विचारले, “इथे तुम्हाला काही दाखवायचे होते का?” मोबाइलच्या पडद्यावर तिथे लाकडाच्या फळ्या आणि पाण्याची हिरवट झाक स्पष्ट दिसत होती, मॅट कागदावर मात्र तिथे नुसता काळा डाग उरला होता. पडद्याची उजळता कमी ठेवून काम करायला आणि मोठ्या प्रिंटआधी लहान प्रिंट काढून पाहायला मी त्या एका प्रश्नामुळे शिकलो.

सलॉनमध्ये असा प्रश्न विचारणारे कोणी भेटत नाही. निकालासोबत रिपोर्ट कार्ड येते, त्यावर गुण आणि छायाचित्र स्वीकारले गेले की नाही एवढेच असते. त्याच्या बदल्यात मिळते ती मान्यता. भारतात फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी ही संस्था १९५३ पासून आहे. जागतिक पातळीवर १९५० साली बर्न येथे स्थापन झालेली फियाप, म्हणजे छायाचित्रणाची आंतरराष्ट्रीय महासंघटना, आणि १९३४ पासूनची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, म्हणजेच पीएसए, या दोन संस्थांची मान्यता सर्वाधिक मोलाची मानली जाते. या मान्यतेच्या सलॉनमध्ये स्वीकारल्या गेलेल्या छायाचित्रांची नोंद साठत जाते आणि ठरावीक संख्या पूर्ण झाल्यावर त्या संस्थांच्या पदव्यांसाठी अर्ज करता येतो. रंगीत, एकरंगी, निसर्ग, प्रवास, वृत्तछायाचित्रण असे विभाग असतात, प्रत्येक विभागात सहसा चार छायाचित्रे पाठवता येतात आणि विभागागणिक शुल्क वाढत जाते. अनेक सलॉन एकत्र बांधून काढलेले सर्किट असले, तर त्याच चार छायाचित्रांवर परीक्षकांचे वेगवेगळे गट स्वतंत्रपणे निर्णय देतात.

आता निसर्ग विभागाविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातले निम्मे सभासद ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो टिपतात आणि तिथेच सर्वाधिक चुका होतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पक्षी मुबलक, प्रकाश सुंदर. पण मागे उच्चदाबाच्या वाहिन्यांचे मनोरे आणि पलीकडच्या काठावरच्या इमारती. आमच्या क्लबाच्या खुल्या विभागात असा मनोरा पुसून टाकलेला चालतो. मी तसा पुसला होता, त्या छायाचित्राला क्लबात चांगले गुणही मिळाले होते, आणि त्याच उत्साहात मी ते एका आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या सलॉनला निसर्ग विभागात पाठवले. आयोजकांनी मूळ फाइल मागितली. ती पाठवल्यावर प्रवेशिका बाद झाली, आणि ते योग्यच होते.

फियाप आणि पीएसए यांच्या समान व्याख्येनुसार निसर्ग विभागात क्रॉप करता येते, म्हणजे चित्राच्या कडा कापता येतात. त्याशिवाय चित्रातला कोणताही घटक काढणे, हलवणे, बदलणे किंवा नवा आणणे चालत नाही. कॅमेऱ्यामुळे आलेले धुळीचे ठिपके आणि नॉइज (चित्रात उमटणारे दाणे) काढता येतात, एचडीआर (कमी-जास्त उजेडाच्या चौकटी एकत्र करणे) आणि फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या चौकटी एकत्र करणे) चालते, रंगीत छायाचित्र पूर्णपणे कृष्णधवल करता येते. पण शेजारी शेजारी घेतलेल्या चौकटी जोडून पॅनोरमा केलेला चालत नाही आणि इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात घेतलेले छायाचित्रही चालत नाही. पाळीव प्राणी, लागवडीची झाडे आणि संकरित फुले अपात्र ठरतात; म्हणजे गॅलरीतल्या कुंडीतला गुलाब कितीही सुंदर टिपला, तरी तो रंगीत विभागातच पाठवावा. वन्यजीव म्हणून पाठवायचे असेल, तर जीव मोकळा आणि नैसर्गिक किंवा स्वतः स्वीकारलेल्या अधिवासातला असावा लागतो. प्राणिसंग्रहालयातला वाघ तिथे बसत नाही.

मग मनोरा आणि इमारती असलेल्या फ्लेमिंगोचे काय करावे? माणसाने घडवलेली वस्तू निसर्गाच्या कथेचा अविभाज्य भाग असेल, उदाहरणार्थ माणसाने बदललेल्या परिसराशी पक्ष्याने जुळवून घेतले असेल, तर नियमाने ती चालते. खाडीतल्या चिखलात खाद्य टिपणारा थवा आणि मागे उभे शहर, हे माझ्या मते याच सवलतीत बसायला हवे. पण सगळेच परीक्षक तसे मानत नाहीत, आणि चार प्रवेशिकांपैकी एक अशा वादावर खर्च करावी का, हे पाठवणाऱ्याने ठरवावे. माझा सल्ला असा की, ते छायाचित्र क्लबात आणि सलॉनच्या रंगीत विभागात पाठवावे, आणि निसर्ग विभागासाठी बोटीतून खालच्या कोनाने, मागे फक्त खारफुटी येईल असे वेगळे छायाचित्र काढावे. घरट्यातली पिल्ले मात्र कुठेही पाठवू नयेत. भारतातल्या अनेक स्पर्धा अशी छायाचित्रे सरळ बाद करतात, आणि नियम नसता तरी पक्ष्याला घरट्यापासून दूर लोटणारे छायाचित्र काढूच नये.

हाच फरक माणसांच्या छायाचित्रांतही आड येतो. गुढीपाडव्याला ठाण्यात निघणाऱ्या शोभायात्रेत नऊवारी नेसून मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे दरवर्षी क्लबात येतात. एखादीला थांबवून, “ताई, जरा इकडे वळता का?” असे विचारून घेतलेले छायाचित्र क्लबाच्या ‘उत्सव’ विषयात चालते. पीएसएच्या व्याख्येप्रमाणे वृत्तछायाचित्रण आणि प्रवास या दोन्ही विभागांत ते चालत नाही, कारण छायाचित्रासाठी मुद्दाम घडवून आणलेला प्रसंग किंवा सूचना देऊन उभी केलेली व्यक्ती तिथे अपात्र आहे. प्रवास विभागात आणखी एक अट आहे: माणसाचे जवळून घेतलेले छायाचित्र असेल, तर त्यात ठिकाण ओळखू येईल असे काहीतरी दिसायला हवे. नुसता नथीचा झोकदार चेहरा तिथे पुरेसा ठरत नाही.

एकरंगी विभागाची व्याख्या छोटी आहे, पण फसवी. संपूर्ण चित्राला एकाच रंगाची छटा दिली तर ते एकरंगीच राहते. कृष्णधवल चित्रात फक्त छत्री लाल ठेवली, तर ते रंगीत ठरते.

आकाश बदलण्याच्या बाबतीत अलीकडे वारंवार विचारणा होते. पावसाळ्यातले फिकट आकाश काढून ॲपमधले ढग बसवणे आता एका स्पर्शाचे काम झाले आहे. मान्यताप्राप्त सलॉनच्या खुल्या विभागांत संपादनाला बरीच मोकळीक असली, तरी चित्राचा प्रत्येक भाग स्पर्धकाने स्वतः टिपलेला असला पाहिजे. ॲपने पुरवलेले आकाश आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली प्रतिमा दोन्ही निषिद्ध आहेत. पुष्कळ क्लबांच्या नियमावल्या याबद्दल अजून काहीच म्हणत नाहीत, आणि ही उणीव त्यांनी लवकर भरून काढायला हवी. तोवर क्लबासाठी केलेले काम पुढे सलॉनला पाठवता येईल याची खात्री धरू नये, आणि मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदवलेली प्रक्रिया न केलेली फाइल, कधीही पुसू नये.

शीर्षकाचा नियम किरकोळ वाटतो, पण मराठी माणसाने तो नीट वाचावा. क्लबात शीर्षक दर वेळी बदलले तरी कोणी हरकत घेत नाही. पीएसएच्या मान्यतेच्या एका सलॉनमध्ये छायाचित्र स्वीकारले गेले की त्याचे शीर्षक कायमचे ठरते, आणि तेच शीर्षक दुसऱ्या भाषेत देणे हादेखील बदलच मानला जातो. त्यामुळे पहिल्यांदा ‘पागोळ्या’ असे रोमन लिपीत लिहून पाठवले असेल, तर पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर करून चालत नाही. रंगीत छायाचित्राची कृष्णधवल आवृत्तीही त्याच शीर्षकाने पाठवावी लागते.

विनाशुल्क स्पर्धांत संपादनाचे नियम ढिले असतात आणि हक्कांच्या अटी कडक. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता ते काढणारी व्यक्ती असते, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे त्यावर हक्क राहतो. हक्क दुसऱ्याला देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. पण या स्पर्धांच्या अटींत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द बहुधा स्पष्ट लिहिलेले असतात, आणि तेव्हा कायद्यातली ही मर्यादा उपयोगी पडत नाही. क्लब आणि सलॉन सहसा केवळ प्रदर्शन आणि कॅटलॉगपुरती परवानगी मागतात. विजेत्याच्याच नव्हे, तर आलेल्या प्रत्येक छायाचित्राचा जाहिरातीसाठी वापर करू, असे जिथे लिहिले असेल, तिथे मी स्वतः पाठवत नाही आणि कोणाला पाठवायलाही सांगत नाही.

ज्याला कॅमेरा हाती घेऊन दोन वर्षेही झालेली नाहीत, त्याने पहिले पूर्ण वर्ष क्लबाला द्यावे आणि शक्य तितके प्रिंट विभागात भाग घ्यावा. ज्याच्याजवळ निसर्गाची, मूळ स्वरूपात टिकणारी आठ-दहा छायाचित्रे तयार आहेत, त्याने थांबण्याचे कारण नाही. त्याने एकच विभाग निवडून एका सलॉनपासून सुरुवात करावी आणि सर्किटचे शुल्क पहिल्या रिपोर्ट कार्डानंतरच भरावे. दोन्हीकडे पाठवणाऱ्याने प्रत्येक छायाचित्राच्या दोन फाइली ठेवाव्यात: एक क्लबासाठी मोकळेपणाने संपादित केलेली आणि दुसरी केवळ क्रॉप व उजेड-सावली जुळवलेली. आणि फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवू नये. तिथे ती दाबली जाते, आणि पिसांचा जो बारकावा टिपण्यासाठी भरतीची वेळ पाहून पहाटे ऐरोली गाठलेली असते, तो परीक्षकापर्यंत पोहोचतच नाही.