फायरवॉल वापरून सात महिने: तो बाण जरा मोठा करा

वर्षाचे ८९९ रुपये भरून फायरवॉल घेतली, म्हणजे लॅपटॉपमध्ये येणारी-जाणारी नेटची कनेक्शनं तपासून अडवणारा प्रोग्रॅम. सिडकोत घरूनच जीएसटीची कामं करते. लोकांचे पॅन, बँकेचे तपशील याच लॅपटॉपवर, म्हणून विंडोजची फुकटातली असतानाही वेगळी घेतली.

पहिल्याच महिन्यात पस्तावले. २० तारीख, थ्रीबी म्हणजे जीएसटीचं रिटर्न भरायची घाई, आणि दर थोड्या वेळाने लाल खिडकी: ‘अनपेक्षित कनेक्शन, १९२.१६८.१.७, पोर्ट १९००’. पहिला आकडा उपकरणाचा नेटवर्कवरचा पत्ता, पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचा दरवाजा क्रमांक. कस्टमर केअरला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा, ‘मॅडम, ब्लॉक करा.’ अहो, पण आहे कोण ते? शेवटी राउटरमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. निघाला हॉलमधला टीव्ही! ‘मी इथे आहे’ असं तो घरभर सांगत असतो, १९०० वरून. प्रिंटरचं तेच, ५३५३ वर. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता घरातलाच, एवढी एक ओळ खिडकीत असती तर माझी रात्र वाचली असती.

बाहेरच्या पत्त्याच्या पोर्ट ४४३ वरून, म्हणजे वेबसाइटकडून, आलेले इशारे बहुतेक वेळा बंद केलेल्या टॅबची उशिरा पोचलेली उत्तरं असतात. ते सोडून देते.

माझा खरा राग त्या बाणावर आहे. कनेक्शन आत येतंय की बाहेर जातंय, हे दाखवायला कोपऱ्यात तांदळाएवढा राखाडी बाण. आत येणारं अडवलं की विषय मिटला. आपल्याच लॅपटॉपमधून अनोळखी प्रोग्रॅम बाहेर जात असेल तर लगेच बघायला हवं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि तीच चष्मा लावून शोधायची!

ही फायरवॉल बंदच करणार होते. पण दिवाळीत भाचा जुना विंडोज ७ चा लॅपटॉप घेऊन आला आणि त्याच्या पत्त्यावरून पोर्ट ४४५ चे इशारे सुरू झाले. ४४५ म्हणजे फाइल शेअरिंग. ते आम्ही वापरतच नाही. त्याच्या लॅपटॉपवर ‘नेटस्टॅट’ (चालू कनेक्शनं दाखवणारी कमांड) चालवलं, तर एकच प्रोसेस ओळीने शेवटी .२, .३, .४ असलेल्या घरातल्या सगळ्या पत्त्यांचं ४४५ ठोठावत होती. मे २०१७ मध्ये फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस याच वाटेने पसरला होता. वायफाय काढलं, फोटो वाचवले, लॅपटॉप फॉरमॅट केला.

त्या दिवशी माझ्या क्लायंटची कागदपत्रं या फायरवॉलनेच राखली. टीव्ही-प्रिंटरसाठी कायमचा नियम करून ठेवलाय, आता दिवसाला दोन-तीनच खिडक्या येतात. पुढच्या वर्षाचे पैसे भरणार. बाणाच्या जागी ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे शब्द लिहा, असा मेल कंपनीला तीनदा केलाय. उत्तर आलेलं नाही, चौथा उद्या पाठवते.