मोठ्या कुत्र्यासाठी ऑर्थोपेडिक गादी: फोंड्याचा उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

ब्रुनो नऊ वर्षांचा लॅब्राडोर. दोन्ही खुब्यांत हिप डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) आणि त्यातून आलेला संधिवात. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक लिहून दिलं, शिवाय झोपायला जाड गादी घ्या म्हणाले. मार्चमध्ये मेमरी फोमची घेतली, आता दिवाळी आली.

फोम दणकट आहे. एवढं वजन पडूनही कोपर खाली लादीला टेकत नाही आणि कोपरावरचे घट्टे मऊ पडलेत. पूर्वी सकाळी उठताना मागचं धूड ओढत न्यायचा, आता थोडा थांबून पण स्वतःच उठतो. मे महिन्यात मात्र त्याने गादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हा फोम अंगाची ऊब धरून ठेवतो, त्यामुळे साहेब थंड लादीवरच पसरायचे. पंख्याखाली सरकवून वर सुती चादर घातली, तेव्हा कुठे परतले.

खरी परीक्षा पावसाची. ‘वॉटरप्रूफ’ कव्हर सांडलेलं पाणी अडवतं, जुलैची दमट हवा नाही. खालच्या अंगाला बुरशी धरली, वास तर विचारूच नका. आता गादी लाकडी फळ्यांवर ठेवतो, फोम अधूनमधून पंख्यासमोर उभा करतो. कव्हर एकच येतं, ते धुतलं की आठवडाभर वाळत नाही. गोव्यात घेणाऱ्याने दुसरं कव्हर आधीच मागवावं.

पण गादीवरून उतरला की पुढे गुळगुळीत लादी, तिथे पाय फाकतात. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून सोप्यापर्यंत रबरी मॅट अंथरले. खर्च गादीच्या मानाने किरकोळ, फरक जास्त.

आणि वजन. ४१ किलोवरून ३५ वर आणलंय. सकाळी पोदेर (पाववाला) आला की अर्धा उंडो (गोल पाव) ब्रुनोचा, हा घरचा नियम मोडताना आईने मला आठवडाभर ऐकवलं, “मुक्या जनावराला उपाशी मारतोस!” चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्यांवरून, म्हणजे करंज्यांवरून, पुन्हा तेच. ४८ लॅब्राडोरांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात (२००२ साली प्रसिद्ध) २५ टक्के कमी खाणारे कुत्रे इतरांपेक्षा सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना संधिवाताची औषधंही उशिरा लागली. हे सांगितल्यावर आई गप्प बसली, पटलं असं नव्हे.

सांध्यांसाठी म्हणून विकली जाणारी ग्लुकोसामाइनची पावडरही चालू होती. मला काडीचाही फरक जाणवला नाही, तिच्यामागचे पुरावेही कच्चेच आहेत. ओमेगा-३ ची बाजू त्यापेक्षा बरी, म्हणून डॉक्टरांना विचारून माशाचं तेल सुरू केलंय. घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याला देऊ नका, जिवावर बेतू शकतं. मेलॉक्सिकॅम दीर्घकाळ द्यायचं तर यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी अधूनमधून हवीच.

गादीला ५ पैकी साडेतीन, कापलेले गुण सगळे कव्हरचे. माप घेताना कुत्रा आडवा पसरलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि वर वीतभर धरा. वेटोळं करून झोपलेल्याच्या मापाची घेतली तर मागचे पाय बाहेरच राहतील.